मासोळी माहेरी येते, तिला वाट द्या

रोहिणी सरतात, मृग लागतो. दोन दिवस अंगाची लाही होते, गुरे दावणीला अस्वस्थ होतात, आणि मग एका संध्याकाळी ढग भरून येऊन पाऊस कोसळतो. रात्रभर पत्रे वाजत राहतात. सकाळी तुम्ही पेरणीचा विचार डोक्यात घेऊन शेताकडे निघता. वाटेत ओढा लागतो. काल जिथे पांढरी फटक वाळू होती तिथे आज गढूळ पाणी धावत असते. रस्त्याच्या नळ्यांच्या पुलाखाली दहा-पंधरा माणसे गोळा झालेली असतात. कोणाच्या हाती टोपली, कोणाच्या हाती जुनी मच्छरदाणी, पोरांच्या हाती नुसत्या काठ्या. पाण्याच्या धारेविरुद्ध चमचम करीत मासे चढत असतात आणि एकच गलका होतो, "चढणीचे मासे आले!"

वाचकहो, हे दृश्य तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. त्या गलक्यात तुम्हीही कधीतरी सामील झाला असाल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु त्यातला एक मासा हातात घेऊन कधी नीट पाहिला आहे का? त्याचे पोट तटतटलेले असते. हलका दाब दिला तरी पिवळसर अंडी बाहेर येतात. आपण त्याला गाभोळीचा मासा म्हणतो आणि बाजारात त्याला दोन पैसे जास्त देतो. ती मासोळी सहलीला निघालेली नसते. ती बाळंतपणासाठी वरच्या पाण्याकडे, आपल्या माहेराकडे निघालेली असते. आणि माहेरच्या उंबरठ्यावरच आपण तिला गाठतो.

तुम्ही मासे खात असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरी माळ असेल आणि मासा चुलीवर चढत नसेल, तर तुमच्यासाठी आणखीच आहे. कारण नदीतला मासा जगतो की मरतो हे आज मासे धरणाऱ्याच्या जाळ्यापेक्षाही शेतकऱ्याच्या हाती जास्त आहे. काठ आपला, मोटार आपली, फवारणी आपली आणि बंधाऱ्याच्या फळ्याही आपल्याच.

नदीचे नाव आठवा

आपल्या हिंगोली जिल्ह्याची मधली नदी कयाधू. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात ती उगम पावते. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असा प्रवास करून, नर्सी नामदेवचा काठ पावन करून ती नांदेड जिल्ह्यात शिरते आणि पैनगंगेला मिळते. उत्तरेला आणि पूर्वेला जिल्ह्याच्या कडेने पैनगंगा वाहते. दक्षिणेला औंढा-वसमतच्या अंगाला पूर्णा आहे. पूर्णा थेट गोदावरीला मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता अशी वळणे घेत शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे आपल्या शिवारातला लहानसा ओढाही गोदामाईचीच एक शीर आहे.

कयाधू हे नाव आणखी कोणाचे, हे कीर्तनाला बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. प्रल्हादाच्या आईचे नाव कयाधू. हिरण्यकश्यपू तपाला गेला असताना इंद्राने गरोदर कयाधूला धरून नेले. वाटेत नारदमुनी आडवे झाले. त्यांनी इंद्राला बजावले, की ही गर्भवती आहे, हिला सोड. मग त्यांनी तिला आपल्या आश्रमात सांभाळले आणि तिच्या पोटी प्रल्हाद जन्मला. ज्या नदीला आपण या मातेच्या नावाने हाक मारतो, त्या नदीत दर मृगाला हजारो गर्भवती माशा धरून नेल्या जातात. वाटेत आडवा होणारा नारद मात्र कोणी भेटत नाही.

वर्षभराचा संसार

मासा कसा जगतो ते जरा समजून घेऊ. आपल्या नद्या हिमालयातल्या नद्यांसारख्या बारमाही बर्फावर चालत नाहीत. पावसाळ्यात त्या दुथडी भरतात, हिवाळ्यात त्यांची धार बारीक होते आणि उन्हाळ्यात त्या तुटतात. मग मागे राहतात ते डोह. इथल्या माशाचे सारे आयुष्य या वेळापत्रकाला बांधलेले आहे. त्याला दोनच गोष्टी लागतात. उन्हाळ्यात तग धरायला डोह आणि पावसाळ्यात अंडी घालायला वर जाण्याची वाट. या दोन गोष्टी राहिल्या की बाकीचे मासा स्वतः पाहून घेतो.

पहिला मोठा पाऊस झाला, गढूळ आणि थंड पाणी जोराने खाली आले, की डोहातल्या माशांना संदेश मिळतो. ते प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. मोठ्या नदीतून लहान नदीत, लहान नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेताच्या कडेच्या गवताळ पाण्यात. तिथे पाणी उथळ असते, मोठा शिकारी मासा पोचत नाही आणि पिलांना पुरेल असे सूक्ष्म खाद्य मुबलक तयार होते. आपण पेरणीसाठी वाफसा पाहतो, तशी मासोळी आपल्या पेरणीसाठी हे पाणी पाहते. दोघांचा मुहूर्त एकच, मृग आणि आर्द्रा.

या पुराचे महत्त्व किती, याचा पुरावा मत्स्यशेतीच्या इतिहासातच आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात कितीही खाऊपिऊ घातले तरी साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीच्या पुरातूनच गोळा करावे लागे. अखेर १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालवून घेण्यात यश मिळवले. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. जे काम पूर फुकट करतो, ते करायला माणसाला इंजेक्शन शोधावे लागले, हे त्यातून ध्यानात घ्यावे.

एका किलोच्या रोहूच्या मादीच्या पोटात साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. त्यातली बहुतेक वाया जातात, हे खरे. निसर्ग त्या हिशेबानेच सढळ हाताने देतो. पण मादीच वाटेत गेली, तर हिशेब मांडायलाही काही उरत नाही. पुलाखाली एका टोपलीत पडलेले पाच किलो मासे म्हणजे पाच किलो मासे नव्हेत, ते पुढच्या वर्षीच्या डोहाचे बियाणे आहे. बियाण्याचे पोते दळायला नेणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो?

मरळीचा वात्सल्यभाव

सगळेच मासे अंडी घालून निघून जात नाहीत. मरळ हा आपल्याकडचा सर्वांच्या ओळखीचा मासा. डोके सापासारखे, अंग काळसर, चव अशी की बाजारात भाव टिकून. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून डोहातले पाणी आटून चिखल राहिला तरी ती चिखलात दबून काही काळ निभावून नेते. पावसाळ्यात नर-मादी गवताळ उथळ पाण्यात जागा साफ करून अंडी घालतात आणि मग राखण करीत बसतात. पिले तांबूस रंगाची असतात. पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखा त्यांचा थवा हलताना दिसतो आणि त्या थव्याखाली आई किंवा बाप हजर असतो.

जाणत्या शिकाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो थव्यात गळ किंवा भाला टाकतो आणि राखणीला असलेली मरळ मारतो. मग त्या पिलांना राखणदार उरत नाही आणि इतर मासे, बगळे, बेडूक त्यांचा फडशा पाडतात. तुमच्या पोरांना ही एक गोष्ट जरूर सांगा. तांबडा थवा दिसला की दगडही मारायचा नाही, नुसते बघायचे. शाळेतल्या पुस्तकापेक्षा हा धडा त्यांच्या जास्त लक्षात राहील.

आपल्या भाषेतले मासे जगाच्या पुस्तकात

आता एक अभिमानाची गोष्ट. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारने कर्नल साईक्स नावाच्या अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करायला नेमले होते. या गृहस्थाने भीमा आणि तिच्या आसपासच्या नद्यांतले मासे गोळा केले, त्यांची वर्णने लिहिली आणि १८३९ च्या सुमारास ती लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे प्रसिद्ध झाली. नवी शास्त्रीय नावे देताना त्याने अनेक ठिकाणी आपल्या मराठी माणसांच्या तोंडचीच नावे उचलली. म्हणून खडशी किंवा महाशीर माशाचे शास्त्रीय नाव आजही टोर खुद्री आहे. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या मल्ल्याचे नाव गारा मुल्ल्या आहे. बोगटाचे नाव लेबिओ बोगट आहे. जपानचा किंवा अमेरिकेचा शास्त्रज्ञ या माशांवर लिहितो, तेव्हा नकळत मराठी शब्दच लिहितो.

त्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाणे आणि गळाला लावायचे आमिष यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे बिदरजवळचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी सीमेवर. सांगायचे तात्पर्य, माशाची ओळख या मुलखाला नवी नाही. आठशे-नऊशे वर्षांची ही ओळख आपल्या एका पिढीत पुसली जाणार का, एवढाच प्रश्न आहे. आज आपल्या घरातल्या आजोबांना नदीतल्या दहा-पंधरा माशांची नावे येतात. नातवाला किती येतात, ते आज रात्री जेवताना विचारून पाहा.

वाट कोण अडवतो?

पहिला अडथळा मोठा आहे आणि तो आपण हलवू शकत नाही. पूर्णेवर १९६० च्या दशकात येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली. पुढे १९८० च्या दशकात पैनगंगेवर इसापूरच्या धरणात पाणी अडले. या धरणांनी आपल्याला ओलित दिले, हळद आणि ऊस दिला. त्यांचे उपकार कोणी नाकारणार नाही. मात्र खालचा मासा वर चढण्याचा रस्ता तिथे संपला. असे असले तरी धरणाच्या वरच्या अंगाला जे ओढे आणि नाले जलाशयात येऊन मिळतात, त्यांचे महत्त्व उलट वाढले. जलाशयातला मासा पुराच्या वेळी या येणाऱ्या पाण्याकडेच धाव घेतो. तुमचे गाव अशा नाल्यावर असेल, तर तुमचा नाला म्हणजे त्या जलाशयाची बाळंतिणीची खोली आहे.

दुसरा अडथळा मात्र आपल्या हातातला आहे, तो म्हणजे कोल्हापुरी बंधारा. पावसाळा संपता संपता याच्या फळ्या बसवायच्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढायच्या, अशी त्याची रचनाच आहे. पुराचे पाणी व गाळ मोकळा जावा आणि काठ फुटू नये म्हणून ही व्यवस्था केलेली असते. पुष्कळ ठिकाणी फळ्या वेळेवर काढल्या जात नाहीत. मग पहिल्या पुरात मासे बंधाऱ्याच्या खाली येऊन थटतात. उड्या मारमारून थकतात आणि तिथेच लोकांच्या हाती सापडतात. फळ्या वेळेवर काढल्या तर बंधाराही वाचतो, काठही वाचतो आणि मासाही वर जातो. एका कामात तीन लाभ.

तिसरा अडथळा म्हणजे मच्छरदाणीचे कापड. ओढ्याच्या तोंडाला आडवे बांधले की त्यातून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरू लागले की वरच्या पाण्यात वाढलेली पिले परत नदीकडे निघतात. तेव्हाही हेच कापड त्यांची वाट पाहत असते. जाताना आई गेली, येताना लेकरे गेली.

चौथा अडथळा विषाचा. पूर्वी गेळाची फळे ठेचून डोहात टाकीत. त्याने मासे गुंगत. तेही वाईटच, पण त्याचा अंमल थोडा वेळ टिके. आता कोणी कीटकनाशक ओततो, कोणी ब्लिचिंग पावडर टाकतो, कोणी विजेची तार पाण्यात सोडतो. त्याने खायचा मासा मरतोच, न खायचाही मरतो. बेडूक, खेकडे, शिंपले आणि पाण्यातले किडे सारे संपतात. तेच पाणी खाली गुरे पितात. विजेने तर माणसेही दगावतात.

आणि पाचवा अडथळा आपल्याला दिसतच नाही, कारण तो रोजच्या सवयीतला आहे. कापूस, सोयाबीन, हळद यांवर फवारणी झाली की पंप आणि डबे धुवायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे ओढा. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला त्या मानाने कमी बाधतात, पण माशाला ती अत्यंत अल्प प्रमाणातही मारक ठरतात. डोहात पाणी थोडे असताना धुतलेला एक पंप त्या डोहातला सगळा संसार बुडवू शकतो. एंडोसल्फान हे असेच माशांना घातक औषध होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्यावर देशभर बंदी आली. पण औषधाचे नाव बदलले म्हणून धुण्याची सवय बदलली असे होत नाही.

डोह म्हणजे नदीचे पेव

धान्य पेवात राहिले तर आषाढात चूल पेटते. तसा डोह हे नदीचे पेव. एप्रिल-मे महिन्यात सारी नदी त्यात आलेली असते. वाम चिखलात अंग दडवून, शिंगाळा तळाशी, मल्ल्या दगडाच्या सावलीत, बारके मासे काठच्या मुळ्यांत. हा डोह आटला की पुढच्या मृगात पाऊस कितीही पडो, चढायला मासाच उरत नाही.

उन्हाळ्यात डोहावर दोन संकटे येतात. पाणी कमी होते आणि जे उरते ते तापते. पाणी जितके गरम, तितकी त्यात प्राणवायू मुरण्याची जागा कमी. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशाला तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. त्यात काठावरची झाडे तोडलेली असली, डोहात कचरा कुजत असला, तर पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंडाने हवा घेताना दिसतात. शेततळ्यात असे दिसले की आपण लगेच पंप सुरू करून पाणी खेळवतो. नदीच्या डोहासाठी तसे करणारा कोणी नसतो. उलट आपलाच पंप शेवटचे पाणी ओढत असतो.

वाळूचा उपसा हे डोहावरचे आणखी एक संकट आहे. वाळू आणि गोटे ही नदीची नुसती माती नव्हे. कित्येक मासे त्यांच्या फटीत अंडी घालतात. वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. नाला खोलीकरणाच्या कामातही थोडे भान ठेवायला हवे. सगळा नाला पाटासारखा सरळ आणि सपाट केला की पाणी थांबते, पण माशाला लपायला ना कपार उरते ना डोह. काम करताना मधूनमधून चार-सहा खोल खळगे आणि काठची झुडपे राखली तर खर्च वाढत नाही.

बिनबोलावलेले पाहुणे

कित्येकांना वाटते की नदीत मासे कमी झाले तर बाहेरून आणून सोडावेत, झाले. हे इतके सोपे नाही. तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि वर्षातून अनेकदा विते. थोड्याच काळात ती सगळे पाणी व्यापते आणि स्थानिक माशांच्या तोंडचा घास जातो. आफ्रिकी मांगूर त्याहून घातक. तो अधाशी, मांसाहारी आणि कित्येक किलोंपर्यंत वाढणारा. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून तो पाळला जातो. शेततळे पुरात फुटले की तो ओढ्यात उतरतो आणि मग त्याला परत बोलावता येत नाही.

इतकेच कशाला, आपला स्वतःचा मासाही परक्या नदीत गेला की परकाच ठरतो. लोणावळ्याजवळ वळवणच्या मत्स्यकेंद्रात टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली. काम मोठ्या कौतुकाचे. परंतु तिथले खडशीचे बीज पुढे दक्षिणेत कावेरी नदीतही सोडले गेले. त्या नदीतला मूळचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि बाहेरून आलेल्या या भावाने त्याची जागा घेतली हे त्यामागचे एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून नदीत सोडण्यापेक्षा नदीतले राखणे हेच खरे.

राखण ही जुनीच रीत

मासा राखायचा ही कल्पना शहरातून आलेली नाही. सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी स्तंभावर कोरून घेतलेल्या आज्ञेत काही माशांना अभय दिले आहे आणि ठराविक तिथींना मासे धरू नयेत, विकू नयेत असे बजावले आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथल्या देवीचे मासे म्हणून गावकरी ते पिढ्यान् पिढ्या राखत आले आहेत. तिथे पाण्यात काही खाऊ टाकला की मोठमोठे महाशीर वर येतात. वाडा तालुक्यातल्या तिळसे येथेही महादेवाच्या देवळापाशी वैतरणा नदीत मासे असेच राखलेले आहेत. ना तिथे तारेचे कुंपण, ना पोलिसांचा पहारा. देवाचा डोह, एवढा एक शब्द पुरतो.

आपल्याकडे श्रावण पाळणारी घरे पुष्कळ आहेत. आषाढ-श्रावणात मासे न खाण्याच्या रीतीमागे पूर्वजांच्या मनात काय होते, ते सांगायला आज कोणी नाही. पण ही रीत माशाच्या विणीच्या दिवसांशी बरोबर जुळते. समुद्रातही पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतात, ती याच विचाराने. बांगलादेशात हिलसा माशाच्या विणीसाठी दरवर्षी आश्विनात २२ दिवस मासेमारी बंद असते आणि त्या काळात सरकार मच्छीमारांना तांदूळ देते. आणि कायदा म्हणाल, तर स्फोटके किंवा विष टाकून मासे मारणे हा इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

या साऱ्याची निकड किती आहे? २०२३ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघाने गोड्या पाण्यातल्या सुमारे पंधरा हजार जातींच्या माशांचा हिशेब मांडला. त्यांतल्या चौथा हिस्सा जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. चारातला एक. आपल्या गोठ्यातल्या चार गुरांपैकी एक आजारी पडले तर आपल्याला रात्री झोप लागते का?

मग गरिबाने खायचे काय?

हा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. भोई समाजातल्या कुटुंबांचे पोट नदीवर आहे. मजुराच्या घरी चार बारके मासे म्हणजे लेकरांच्या ताटातला सकस घास असतो. काट्यासकट खाल्लेल्या बारक्या माशातून हाडांना लागणारा चुना मिळतो, तो विकत घ्यायचा तर परवडत नाही. म्हणूनच तर हे सांगायचे. मासेमारी बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पहिल्या पुराचे दोन-तीन आठवडे आणि उन्हाळ्यातला एक डोह एवढेच सोडा. बाकीचे दहा-अकरा महिने मासा तुमचाच आहे. ज्याचे पोट नदीवर आहे त्याला हे आपल्यापेक्षा लवकर पटते. पुलाखालच्या गर्दीत हौशी लोकच जास्त असतात, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे.

हे सात नेम करून पाहा

१. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत ओढ्या-नाल्यात, पुलाखाली आणि बंधाऱ्याखाली चढणीचे मासे धरू नका. गावात तसा ठराव करा.

२. बाजारातून मासे आणताना मृग-आर्द्रात गाभोळीचा मासा मागू नका. गिऱ्हाईक मागणार नाही, तर धरणारा धरणार नाही. हे काम घरातल्या बायामाणसांनी मनावर घेतले तर लवकर होईल.

३. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या मे महिन्याच्या अखेरीस निघाल्या का, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसतील तर चार माणसे मिळून पाठपुरावा करा.

४. गावच्या हद्दीतला एक खोल डोह निवडा. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत पंप चालवायचा नाही, जाळे टाकायचे नाही, वाळू काढायची नाही. जवळ देऊळ असेल तर देवाच्या नावाने सोडा, नसेल तर गावाच्या नावाने.

५. फवारणीचा पंप बांधावर धुवा आणि ते पाणी पडीक जागेत, विहिरीपासून दूर जिरवा. रिकामे डबे ओढ्यात फेकू नका.

६. डोहाच्या काठी करंज, जांभूळ, उंबर लावा. सावलीने पाणी थंड राहते, मुळ्यांत पिले लपतात आणि काठही खचत नाही.

७. शेततळ्यात मासे पाळत असाल तर बीज खात्रीच्या ठिकाणचे घ्या, मांगूर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. सांडव्याला बारीक जाळी लावा.

यातल्या एकाही नेमाला सरकारी अनुदान लागत नाही. तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. सगळे एका वर्षात होणार नाही. पण डोहाचा एक नेम जरी पाळला, तरी दोन-तीन पावसाळ्यांत फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल.

पुढच्या मृगाला पहिला मोठा पाऊस होईल. तुम्ही सकाळी ओढ्यापाशी याल. लेकरू बोट धरून सोबत असेल. पाण्यातून चमचम करीत मासे चढताना दिसतील. पोर म्हणेल, "बाबा, धरू या ना!" तेव्हा त्याला खांद्यावर घ्या, नीट दिसेल असे धरा आणि सांगा, "थांब. ती माहेरी चालली आहे. आपण दिवाळीला परत येऊ, तेव्हा धरू."

एवढे सांगितलेत, तर कयाधूच्या काठी त्या दिवशी एक नारद उभा राहिला असे समजायला हरकत नाही.